सेंटर स्पीकर कुठे ठेवू? संवाद कळत नाहीत

वायरगुंता:
५.१ सेट (पाच स्पीकर आणि जाड आवाजाचा एक सबवूफर) लावून महिना झाला. संगीत झकास, पण पात्रं बोलायला लागली की तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखी. आवाज वाढवावा तर पुढच्याच स्फोटाला खिडक्या थरथरतात, त्यामुळे रिमोट हातातून सुटत नाही. सेंटर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर, टीव्हीखालच्या खणात, पार मागे ढकललेला आहे. भिंतीवर, टीव्हीच्या वर टांगू का? की नवाच घेऊ? जाणकारांनी सांगावं.

कर्णपिशाच्च:
नवा घेऊ नका. आधी याला खणाच्या कडेपर्यंत ओढा, तोंड फळीच्या एखादा सेंटीमीटर पुढे आलं तरी चालेल. आत राहिला की फळीवर आणि बाजूंवर आपटलेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि शब्दांची धार जाते. मग पुढच्या बाजूखाली रबराची पाचर सारा, दार अडवायला वापरतात तीच. किती सारायची? डब्याच्या वरच्या कडेवरून डोळा लावून नेम धरा. नेम बसलेल्या माणसाच्या कानावर लागला पाहिजे.
टांगणं अगदीच इलाज नसेल तर, आणि तेव्हाही तोंड खाली झुकवून. नाहीतर माणूस पडद्यावर आणि आवाज छतातून.

आळशी_ऐकणारा:
मी तर सेंटर काढूनच टाकला. रिसीव्हरला (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राला) 'सेंटर नाही' सांगितलं की संवाद डाव्या-उजव्यात वाटले जातात आणि मधूनच आल्यासारखे वाटतात.

कर्णपिशाच्च:
एकटे बघत असाल तर ठीक. एक जागा बाजूला सरका, सगळी पात्रं जवळच्या स्पीकरात जाऊन बसतील. पण चाचणी म्हणून ही युक्ती सोन्यासारखी आहे. वायरगुंता, तसं करून मधोमध बसा. शब्द एकदम सुटे ऐकू आले तर रेकॉर्डिंगला दोष देऊ नका, घोळ सेंटरचा किंवा त्याच्या जागेचा.

मोजपट्टी:
सेंटर आडवा, मध्ये ट्वीटर (बारीक आवाजाचा) आणि दोन्ही बाजूंना वूफर (जाड आवाजाचे) असा आहे का? तसा असेल तर कडेला बसणाऱ्यांचे हाल वेगळे. वूफरमध्ये ३४ सेंमी अंतर धरा. ३० अंश बाजूला बसलं की एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा १७ सेंमी जास्त चालून येतो, आणि १००० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खातात. ऐन बोलण्याच्या पट्टीत खड्डा! यावर पाचर चालत नाही. सोफा मागे घ्या, म्हणजे कोन कमी होतो.
आणि जागा बदलली की रिसीव्हरचं माइकवालं मोजमाप पुन्हा करा. आवाजाला ३४ सेंमी यायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, त्यामुळे जागा हलली की वेळही बदलते. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा जाड आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा.

वायरगुंता:
केलं! एकच दोन मिनिटांचा प्रसंग सात वेळा लावला, घरच्यांना तो पाठ झालाय. 'सेंटर नाही' केल्यावर शब्द लख्ख, म्हणजे दोष जागेचाच. कडेला ओढल्यावर निम्मं काम झालं, पाचरीने बरंचसं उरलेलं. तरी जाड आवाजाला एक घूंऽ यायचं. खणावर तळहात ठेवला तर मागचा पातळ प्लाय थरथरत होता. डब्याखाली फोमचे तुकडे घातले, थांबलं. मोजमापही पुन्हा केलं, वर सेंटर २ डेसिबल चढवला.
स्पीकर आडवा, दोन वूफरवालाच निघाला. सोफा मागे भिंतीला टेकलाय, तेव्हा कडेच्या जागेचं काय करू? वूफर एकावर एक यावेत म्हणून स्पीकर उभा ठेवला तर टीव्हीचा खालचा भाग झाकतो.

मोजपट्टी:
टीव्ही वर सरकतो का?