मदत हवी आहे: नाग नदीकाठच्या हरकतींत जागेची ओळख कशी मांडायची?

नमस्कार मंडळी. नागपुरात अंबाझरीपासून जगनाडे चौकापर्यंत नदीकाठच्या वस्त्यांसाठी हरकतीचा एक नमुना करतोय. शहराच्या विकास आराखड्यात नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 37 खाली फेरबदल निघाला की नोटिशीपासून जेमतेम 1 महिना मिळतो. त्यात 'आम्हाला विचारा' एवढंच लिहिलेला अर्ज सुनावणीत टिकत नाही. खसरा (जमिनीचा) क्रमांक, नकाशावर खूण आणि मागणी एका ओळीत हवी.

पुराचं तसं सोपं आहे. 23 सप्टेंबर 2023 चं पाणी भिंतीवर कुठवर चढलं, तिथे टेप धरून फोटो काढायचा. निळी (25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा शेजारी दाखवायची.

घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. पिंपळाखालचा पार, दशक्रियेचा ओटा, पलीकडच्या शाळेची पायवाट यांना आराखड्यात चिन्हच नाही, म्हणून नदीकाठच्या काँक्रिटच्या भिंतीत ती सहज गाडली जातात. वापराची नोंद कशी ठेवायची? सकाळ-संध्याकाळ माणसं मोजून, की म्हाताऱ्यांचे जबाब सहीनिशी घेऊन? कुणी अशी हरकत मान्य करून घेतली असेल तर तिचा मसुदा टाका भाऊ, नावं खोडून चालेल.