जुनी गॅरंड घ्यावी का? शनिवारी बघायला जातोय

प्रेषक: क्रीडा समितीतला नवा सभासद
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

यादीवर हा विषय नेहमीचा नाही, पण मागच्या सहलीत आपल्यातले तीन-चार जण नेमबाजीच्या रेंजवर जातात असं कळलं, म्हणून विचारतो. शेजारचे आजोबा गेले. त्यांची एम-वन गॅरंड, म्हणजे अमेरिकी सैन्याची जुनी रायफल, त्यांचा मुलगा विकतोय. मी एकदा लांबून पाहिली, लाकूड नुसतं चकाकतंय. तो म्हणतो, "दुसऱ्या महायुद्धातली आहे, सगळे नंबर जुळतात, एकही लोखंडी भाग बदललेला नाही." मला ती भिंतीवर लावायची नाही, क्लबच्या स्पर्धेत उतरायचं आहे. माझा अनुभव म्हणजे कॉलेजात एनसीसीत चालवलेली पॉइंट टू-टू, बस. शनिवारी काय काय बघू? आणि कशाला भुलू नको?

———

प्रेषक: माजी खजिनदार
विषय: उत्तर: जुनी गॅरंड घ्यावी का?

अरे, रायफलीच्या आधी एक प्रश्न. तू अजून एच-वन-बीवर आहेस की ग्रीन कार्ड हातात आलं? व्हिसावर असशील तर विषय इथेच थांबव. केंद्रीय कायद्यानं व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगताच येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय स्वतःला लावून घ्यायचे नाहीत. यात चूक झाली तर नोकरी, व्हिसा, घर सगळंच पणाला लागतं. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. शेजारी तुझ्याच राज्यातला असला तरी व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फत कर. बऱ्याच राज्यांत ते सक्तीचंच आहे. फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी अर्ज) भरायचा, दुकानदार पार्श्वभूमी तपासतो, मग रायफल तुझी. दुकानदाराला थोडे पैसे द्यावे लागतात, पण कागद स्वच्छ राहतो.

आता त्या "सगळे नंबर जुळतात" बद्दल. गॅरंडमध्ये सिरियल नंबर एकाच ठिकाणी असतो, रिसीव्हरच्या (बाकीचे भाग ज्यात बसतात तो धातूचा मुख्य भाग) मागच्या टाचेवर. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता ठोकळा), ऑप-रॉड (बोल्टला मागेपुढे नेणारा दांडा), चापाचा सांगाडा यांच्यावर जे आकडे दिसतात ते ड्रॉइंग नंबर, म्हणजे तो भाग कोणत्या आराखड्यानुसार केला त्याची खूण. जर्मन माउझर रायफलीवर जसे जुळणारे नंबर असतात तसे इथे नसतातच. तेव्हा जुळायला काही नाही. शेजारी खोटं बोलतोय असं नाही, त्याला कुणीतरी तसं सांगितलं असणार. आणि भाग बदललेला नाही हेही मनावर घेऊ नकोस. ही रायफल १९३६ साली अमेरिकी सैन्यानं स्वीकारली, १९५७ साली एम-१४ ही पुढची रायफल आली तोवर तीच मुख्य होती. या काळात रायफली पुन्हापुन्हा शस्त्रागारात गेल्या, उघडल्या गेल्या, भाग पेट्यांत पडले आणि हाताला येईल तो भाग बसवून परत पाठवल्या गेल्या. मिश्र भागांची गॅरंड हीच नेहमीची गॅरंड. संग्राहकाला त्याचं दुःख होईल, स्पर्धेत उतरणाऱ्याला नाही. तू झीज बघ.

हातात घेतल्यावर पहिलं काम, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, चापावर बोट नाही, ऑप-रॉड मागे ओढून अडकवायचा, आत डोळ्यांनी बघायचं आणि मग करंगळी चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती जागा) घालून बघायचं. विकणारा "रिकामीच आहे" म्हणाला तरी. बोल्ट बंद करताना उजव्या तळहाताची कड ऑप-रॉडच्या मुठीला टेकवून ठेव, मगच अंगठ्यानं फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) दाब. हे विसरणाऱ्याचा अंगठा बोल्टखाली सापडतो. जुने सैनिक त्याला "एम-वन अंगठा" म्हणायचे.

सगळ्यात जास्त वेळ नळीच्या तोंडाशी दे. बऱ्याच रायफली मागून साफ करता येतात. गॅरंडची नळी पुढूनच साफ करावी लागते. सैन्यात रोज लोखंडी सळई घालून घासायचे, म्हणून आतल्या आट्या (गोळीला फिरवणाऱ्या खाचा) तोंडाशीच आधी झिजतात. मधली नळी आरशासारखी आणि तोंड मात्र घंटेसारखं पसरलेलं, अशा कितीतरी मी पाहिल्या. झीज मोजायचं गेज नसेल तर डमी काडतूस घेऊन जा, दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेलं. त्याचं टोक नळीच्या तोंडात सोड. तोंड चांगलं असेल तर गोळी लवकर अडते आणि पितळी कोषाची कड तोंडापासून बरीच लांब राहते. कड तोंडाला टेकायला आली तर नेम टिकणार नाही. चेंबरकडच्या घशाची (आट्या सुरू होतात ती जागा) झीज मात्र गेजशिवाय कळत नाही. ते गेज बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे असतात, हेडस्पेसचे (बंद बोल्टपुढे काडतुसाला किती जागा आहे त्याचे) गेजही त्याच्याकडेच. ऐन खरेदीच्या आधी तासभर त्याच्याकडे नेऊ देतात का ते विचार. शेजारी नाही म्हणाला तर मला तीच मोठी खूण वाटेल.

नळीच्या आत लहान लहान खड्डे दिसले तर घाबरून जाऊ नकोस. १९५० च्या सुरुवातीपर्यंत बहुतेक लष्करी काडतुसांचे प्रायमर क्षार सोडणारे होते. रात्री पाण्यानं धुतली नाही की सकाळी गंज. हलके खड्डे असलेल्या नळ्या अजून छान मारतात. गॅस सिलिंडर (नळीच्या तोंडाशी बसलेलं, वायू कोंडणारं नळकांडं) मात्र हातानं हलवून बघ. पुढचा नेम (नेम धरायचा खुंट) त्याच्यावर बसलेला असतो, सिलिंडर डुलला की नेम डुलला. मागच्या नेमाचं बटण दहा-बारा टिचक्या वर घे आणि भोकाच्या पट्टीवर अंगठ्यानं जोर दे. ती खाली घसरली तर आतले दाते गेलेत. तो भाग बदलता येतो, पण भाव करताना बोलायचं.

ऑप-रॉड म्हणजे या रायफलीचा जीव. नळीच्या पुढच्या भोकातून आलेला वायू त्याच्या टोकावर आदळतो आणि तो सगळं मागे ढकलतो. आजची शिकारीची जड .३०-०६ (हेच गॅरंडच्या काडतुसाचं माप) काडतुसं कुणी सतत वापरली असतील तर हा रॉड वाकलेला असू शकतो. त्यांची दारू हळू जळते, भोकाशी दाब जास्त राहतो. मालकाला विचार, आजोबा कोणतं काडतूस वापरायचे. मग परवानगी घेऊन दस्ता (रायफलीचा लाकडी भाग) उतरव, ऑप-रॉडची स्प्रिंग काढ, दस्ता परत बसव आणि रायफल पुढे-मागे कलती कर. रॉड नुसत्या स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. मध्ये कुठे अडकला की तो कशावर तरी घासतोय, आणि कुठे घासतोय ते तिथली चकाकी सांगते.

शेवटी चाप. रिकामी असल्याची खात्री पुन्हा कर. घोडा (चाप ओढल्यावर पडणारी आतली हातोडी) चढवून सेफ्टी मागे घे, चाप ओढ, घोडा पडता कामा नये. सेफ्टी पुढे ढकल, चाप ओढ, घोडा पडला पाहिजे. चाप दाबूनच धर, ऑप-रॉड मागे ओढून सोड, आता चाप सावकाश सोड. बारीक "टक्" ऐकू येईल, आणि घोडा चढलेलाच असेल. तो स्वतःहून पडला तर हातही लावू नकोस, ती रायफल एका चापात दोन गोळ्या सोडू शकते.

———

प्रेषक: ग्रंथालय समिती
विषय: उत्तर: जुनी गॅरंड घ्यावी का?

काकांनी नळीचं नीट सांगितलं. मी रिसीव्हरचं सांगते, कारण माझे पैसे तिथेच बुडाले.

माझी पहिली गॅरंड मी एका प्रदर्शनात घेतली. नळी सुंदर, दस्ता सुंदर. रेंजवर तिसऱ्या दिवशी एका वयस्क नेमबाजानं रिसीव्हर उन्हात तिरका धरला आणि मला बोलावलं. मधोमध, काडतुसांची क्लिप जिथे बसते त्या खोबणीच्या मागे, राखाडी रंगाची एक पट्टी आजूबाजूपेक्षा किंचित वेगळी होती. सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रं. भंगारात निघालेले रिसीव्हर सैन्यानं कापून टाकले होते, नंतर कुणीतरी दोन वेगळ्या रायफलींचे तुकडे जोडून वेल्ड केले आणि वरून नवा थर चढवला. विकणाऱ्यानं मला हे सांगितलं नव्हतं. ती मी परत कधीच उडवली नाही. चेहऱ्याजवळ पन्नास हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचावर तितके पौंड) आसपास दाब फुटत असताना कुणाच्या तरी वेल्डिंगवर गाल टेकवायची माझी तयारी नव्हती.

म्हणून दस्ता उतरवलात की दोन गोष्टी बघा. रिसीव्हरच्या उजव्या पुढच्या पायावर ड्रॉइंग नंबर असतो, टाचेवर सिरियल नंबर. दोन्ही एकाच काळातले हवेत. युद्धकाळातला सिरियल आणि पायावर नंतरच्या काळातला लांब आकडा असेल तर प्रश्न विचारा. आणि भिंगानं मधला भाग बघा, घरातल्या दिव्यात नाही, उन्हात.

घरी लहान मुलं असतील तर कुलुपाची तिजोरी रायफलीच्या आधी येऊ द्या, काडतुसं वेगळ्या कुलपात. आमच्या घरी तो क्रम चुकला होता आणि मधले चार दिवस मी नीट झोपले नाही.

———

प्रेषक: क्रीडा समितीतला नवा सभासद
विषय: शनिवारी बघून आलो

काका, वहिनी, दोघांचे मनापासून आभार. ग्रीन कार्ड मिळून दोन वर्षं झाली, त्यामुळे तो प्रश्न सुटला.

शेजाऱ्यानं काही लपवलं नाही, उलट माझ्याबरोबर बसून सगळं बघितलं. सिरियल युद्धकाळातला. पायावर तेव्हाचाच ड्रॉइंग नंबर, उन्हात भिंगानं बघितलं, पट्टी नाही, छिद्रं नाहीत. ऑप-रॉड मागे ओढल्यावर नळीवरचा शिक्का दिसला, १९५२. म्हणजे नळी नंतर बदललेली. तो जरा खट्टू झाला, मी आतून खूश झालो. डमी काडतूस तोंडात अडून राहिलं, कोष चांगला वर होता. गॅस सिलिंडर घट्ट. रॉड कलता केल्यावर एका जागी अडखळला.

मला अडचण वाटतेय ती त्या चकाकणाऱ्या दस्त्याची. चापाचं कवच (चापाभोवतीची कमान) बंद करताना काहीच जोर लागत नाही, सैल दरवाजासारखं बसतं. हे नीट आहे का?

———

प्रेषक: माजी खजिनदार
विषय: उत्तर: शनिवारी बघून आलो

नाही, नीट नाही. गॅरंडमध्ये ते कवच बंद होताना रिसीव्हर लाकडात आवळला जातो. शेवटच्या टप्प्यात हातानं दाबावं लागलं पाहिजे. सैल बसलं म्हणजे लाकूड दबलंय किंवा कुणीतरी पॉलिशसाठी घासून पातळ केलंय. अशी रायफल प्रत्येक गोळीनंतर लाकडात थोडी वेगळी बसते, आणि गोळ्या पसरतात. नळी चांगली, रिसीव्हर चांगला, म्हणजे महाग भाग दोन्ही चांगले आहेत. दस्ता बदलता येतो. रॉड जिथे अडखळला तिथे बहुधा पुढच्या लाकडाची आतली कड घासत असेल, दस्ता काढून पुन्हा कलती कर. तरीही अडखळला तर रॉड तपासून घ्यावा लागेल.

एक विचार. चकाकणारं लाकूड आजोबांचं असेल असं मला वाटत नाही. मुलाला विचार, जुना दस्ता कुठे ठेवलाय का.

———

प्रेषक: क्रीडा समितीतला नवा सभासद
विषय: उत्तर: शनिवारी बघून आलो

विचारलं. मुलानंच दोन वर्षांपूर्वी "विकायला बरं दिसावं" म्हणून नवा दस्ता बसवला होता. जुना गॅरेजच्या फळीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेला. तेलानं जवळजवळ काळा झालेला, डाव्या बाजूला शिक्का अर्धवट पुसलेला, मुठीच्या जागी हात लागून लागून गुळगुळीत. त्याच्या टेबलावरच बसवला. कवच बंद करताना शेवटी तळहात टेकवून दाबावं लागलं आणि खट् करून बसलं. रॉड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ घसरला.

दुरुस्तीवाल्याकडे मंगळवारी गेज लावले, हेडस्पेस ठीक, घसा थोडा झिजलेला पण त्याच्या म्हणण्यानं अजून बरीच वर्षं चालेल. तिजोरी काल आली, वहिनी, भिंतीला बोल्टनं पक्की केली. फॉर्म गुरुवारी भरतोय. काका, लष्करी दाबाची काडतुसं कोणती घ्यायची ते रविवारी रेंजवर भेटून सांगाल का?