समुद्र जवळ असताना गोदावरी पूर्वेला का गेली? सातवीला कसं दाखवू?

गंगाथडीच्या बाई:
पैठण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात गोदावरी चालू आहे. आमच्याकडे तिला सगळे गंगाच म्हणतात, त्यामुळे पुस्तकातली गोदावरी ती हीच, हे पटवण्यातच पहिला तास गेला. काल एका मुलीने नकाशावर पट्टी ठेवून विचारलं, "बाई, त्र्यंबकहून अरबी समुद्र साधारण 80 किलोमीटर. मग गंगा 1465 किलोमीटर चालत पार आंध्रात का गेली?" पठाराचा उतार पूर्वेला आहे, असं सांगितलं. तिचा चेहरा काही खुलला नाही. डोळ्यांनी दिसेल असं काही सुचवा ना.

जुना भूगोल मास्तर:
कौलारू घर दाखवा. सह्याद्री म्हणजे आढं. कोकणाकडचं पाखं तोकडं आणि उभं, देशाकडचं लांब आणि सपाट. पाऊस आढ्याच्या कुठल्या अंगाला पडला, एवढ्यावर पाण्याची वाट ठरते. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, आणि त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून निघालेली वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. या दोघी नकाशावर शेजारी शेजारी दाखवाच. माझ्या वर्गात उतार खरा कळायचा तो इथे.

पंचवटीकर:
आमच्या नाशकात पूर मोजतात तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला, हे लहान पोरही सांगतं. तुमच्या घाटावर अशी खूण असेलच, ती मुलांनाच शोधू द्या. आणि पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, ते सोडू नका.

गंगाथडीच्या बाई:
मास्तर, आज शाळेमागच्या कौलारू छपराच्या आढ्यावर तांब्याने पाणी ओतलं. एक धार इकडे, एक तिकडे. "ही वैतरणा!" असं ओरडली तीच मुलगी. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तिनेच ओतलं, तांब्या बोटभर इकडे तिकडे सरकवून.

दुपारी तिची आजी आली होती. जायकवाडीचं धरण 1976 ला पुरं झालं. त्या पाण्याखाली त्यांचं गाव गेलं. वाडा कुठे, चिंच कुठे, गंगेत उतरायची पायवाट कुठे, सगळं तिने फळ्यावर खडूने काढून दाखवलं. तो फळा मी अजून पुसलेला नाही. उद्या मुलं वहीत उतरवून घेणार आहेत.