रॉक बँड + सिंफनी ऑर्केस्ट्रा लाइव्ह: ड्रम्सच्या गदारोळात व्हायोलिन स्वच्छ कसं टिपतात?

खर्ज_७१: मेटॅलिकाने एप्रिल १९९९ मध्ये बर्कलीला सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर दोन रात्री वाजवून ‘एस अँड एम’ हा लाइव्ह अल्बम केला. कंडक्टर मायकेल केमन. एवढे ड्रम्स आणि गिटारचं डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) चालू असताना तंतुवाद्यं वेगळी ऐकू येतात. अशा कार्यक्रमात माईक कसे लावतात? वर टांगलेल्या माईकमध्ये तर झांजाच येतील.

फेडरवाला: झांजाच येतात. टांगलेले माईक फक्त प्रेक्षक आणि हॉलची गुंज यांच्यासाठी ठेवा. प्रत्येक व्हायोलिनला घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) क्लिपचा छोटा कंडेन्सर माईक लागतो. माईकचं अंतर निम्मं केलं की वाद्य साधारण ६ डेसिबलने वर येतं, ड्रम्सची गळती आहे तेवढीच राहते.

व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर १९६ हर्ट्झ. १५० च्या खालचं कापलं तर वाद्याचं काही जात नाही, बास ड्रम जातो. चेलो ६५ पर्यंत उतरतो, तिथे ही युक्ती चालत नाही. झांजा तर कुठल्याच फिल्टरने जात नाहीत, त्यासाठी ड्रम्सपुढे ॲक्रिलिकचा आडोसा हवा. गिटारचे ॲम्प स्टेजमागे बंद खोक्यात, आणि बँडला स्वतःचा आवाज ऐकायला इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर). वेज मॉनिटर, म्हणजे पायाशी ठेवायचे स्पीकर, एकही नको.

फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे असतं. मागे स्टँडवर माईक ठेवला तर तो नेमका बँडवर रोखलेला राहतो, म्हणून भोंग्यालाच क्लिप लावा. आणि तंतुवाद्यांवर गेट (आवाज ठरावीक पातळीखाली असला की माईक बंद ठेवणारी सोय) नकोच: मंद सुरुवात कापली जाते, गेट उघडला की झांजा धाडकन आत येतात. मिक्स करताना स्कोर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) समोर ठेवून, ज्या विभागाला विराम आहे त्याचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) हाताने खाली घ्या. वेळखाऊ आहे, पण खरा फरक इथेच पडतो.

मात्रा_अर्धी: लयीचंही बघा. १५ मीटर मागच्या तालवाद्यांना ड्रम्स ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतात. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत पाव मात्रा ९४ मिलिसेकंदांची, म्हणजे तिच्यातली जवळपास निम्मी चुकली. कंडक्टर आणि विभागप्रमुखांना क्लिक (लय दाखवणारा टिकटिक आवाज) द्या, तोही एकाच कानात, बंद हेडफोनमधून. उघड्यातून तो शेजारच्या माईकमध्ये शिरतो. शेवटचा लांब सूर सुरू होताच क्लिक बंद.

खर्ज_७१: आणि पट्टी? गिटार अर्धा सूर उतरवलेल्या असतात ना?

मात्रा_अर्धी: हो, ई फ्लॅट, पेटीवरची काळी दोन. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. ई फ्लॅट मायनरमध्ये त्यातली एकही कामाला येत नाही, नाद मिटतो, बोटं अवघडतात. अरेंजरला हे आधी सांगा. शिवाय ए सूर ४४० हर्ट्झ की ४४२ हे पहिल्या तालमीआधी ठरवा; फरक ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) असला तरी कीबोर्डबरोबर लांब सुरांत खुपतो.

फेडरवाला: रेकॉर्डिंगला ९६ ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ धरले तर दोन तासांना सुमारे १०० जीबी. स्प्लिटर (एकच सिग्नल दोन ठिकाणी वाटणारा) घेऊन दोन स्वतंत्र मशीनवर टिपा. प्रेक्षकांविना झालेली रंगीत तालीमही पूर्ण टिपा, खोकला-पडझड दुरुस्त करायला तीच उपयोगी पडते.

स्कोरच्या प्रती जपा. डीप पर्पल या रॉक बँडने १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिकबरोबर वाजवलेल्या कॉन्चेर्टोचा स्कोर पुढच्याच वर्षी हरवला. १९९९ च्या प्रयोगासाठी तो रेकॉर्डिंग ऐकून, चित्रफीत पाहून पुन्हा उतरवावा लागला. स्कोर आणि प्रत्येक वाद्याचा पार्ट मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्येच ठेवा.