मदत हवी आहे: बाबांच्या वहीतलं मृत्युपत्र, नॉमिनी दादा आणि आजोबांच्या नावाचा सातबारा

नमस्कार मंडळी,

बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. मागे आई, मी आणि कॅनडातला मोठा भाऊ. आमच्यात भांडण नाही हे आधीच सांगते, कारण अशा धाग्यांवर प्रतिसाद थेट कोर्टात जाऊन पोचतात.

पुण्यातला फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी दादा. बाबांच्या हिशेबाच्या वहीत त्यांच्या हातचं एक पान आहे: माझ्या माघारी फ्लॅट हिचा. खाली सही, तारीख. साक्षीदार नाहीत. अक्षराबद्दल कुणालाच शंका नाही, दादाही म्हणतो आईच्याच नावावर करू. पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, नॉमिनी दादा म्हणजे मालक दादा, विषय संपला. हे पान चालेल का? दादाला यावंच लागेल का? त्याला इतक्यात रजा नाही.

एका सहकारी बँकेत तीनेक लाखांची ठेव आहे, नॉमिनी नाही. बँक कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट (वारस असल्याचा दाखला) मागते. खर्च ऐकून आई म्हणते, जाऊ दे ते पैसे.

आणि खरी डोकेदुखी गावाकडची. वाई तालुक्यात दीड एकर, सातबारा अजून आजोबांच्या नावावर. ते १९८७ साली गेले, वारसनोंद कुणी केलीच नाही. दोन काका, दोन आत्या. काका म्हणतात आत्यांची आणि आईची हक्कसोड आधी करू, म्हणजे नोंद सोपी जाईल. माहेर तुटायला नको म्हणून आत्या सही करायला तयार, आईही तयार. मला ही घाई समजत नाही. हक्कसोडीशिवाय नोंद होतच नाही का?

सातबारा_उतारा:
होते. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे सही झाली तर परत फिरणं अवघड. वारसनोंद आणि हक्कसोड या वेगळ्या गोष्टी आहेत. मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करायचा, ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीतूनही होतो. तलाठी फेरफार (नावबदलाची नोंद) घेतात, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. सगळ्या वारसांची नावं लागतात, आत्यांचीही. बाबांच्या जागी आई, तुम्ही आणि दादा. हक्क सोडायचाच असेल तर नंतर, नोंदणीकृत दस्त करून. तलाठ्यापुढच्या साध्या जबाबावर कुणाचं नाव गाळता येत नाही. आत्यांना एवढं कळू द्या, मग त्यांची मर्जी. आमच्याकडे हे 'आधी सही' प्रकरण बहिणींच्याच बाबतीत का निघतं, हा वेगळा धागा होईल.

कोर्टाची_पायरी:
वकिली करते, पण कागद न पाहता लिहिते आहे.

वहीतलं पान मृत्युपत्र म्हणून टिकणार नाही. भारतीय वारसा कायदा १९२५, कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्वतःच्या हाताने लिहिलं म्हणून सूट नाही. नोंदणी नसती तर चाललं असतं, साक्षीदार नसणं चालत नाही. म्हणून फ्लॅट हिंदू वारसा कायद्याने आई, दादा आणि तुम्ही यांचा, प्रत्येकी एक तृतीयांश.

सेक्रेटरी चुकताहेत. सहकार कायद्याच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो, मालकी वारसांची. तुम्ही दोघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करा. मोबदला न घेता आईच्या नावे असेल तर मुद्रांक नाममात्र, नोंदणी मात्र सक्तीची. बक्षीसपत्राच्या नादी लागू नका, मुलांनी आईला दिलेल्या घराला ती सवलत नाही.

दादाला यायची गरज नाही. तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद, साक्षांकित करून पाठवू दे. ते 'सर्व व्यवहारांसाठी' असं मोघम नको, याच फ्लॅटच्या हक्कसोडीपुरतं हवं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा, हे लोक हमखास विसरतात.

ठेवपावती:
आईंना सांगा, पैसे सोडू नका! रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला, वारसांत वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर, कोर्टाचा कागद मागायचा नाही. हमीपत्र, इतर वारसांचं ना-हरकत अशा कागदांवर काम होतं. शाखेत तोंडी बोलू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार. आत्यांशी आज फोनवर बोलते. काकांना वाईट न वाटता कसं सांगायचं ते बघते. फ्लॅट आईच्या नावावर झाला की तिने लगेच मृत्युपत्र करावं ना? आणि जमिनीत आमचा नेमका हिस्सा किती?

कोर्टाची_पायरी:
मृत्युपत्र हो, आणि दोन साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही आणि वयाने आईंपेक्षा लहान आहेत. हिश्शाचा आकडा आत्ता कुणी सांगितला तरी मानू नका. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली की त्यांच्या वडिलांकडून आलेली, त्यावर तो बदलेल. आत्यांचा वाटा दोन्हीकडे आहेच. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार काढा आणि नावं झाकून इथे टाका.