२ बीएचकेचा फ्लोअरप्लॅन डॅशबोर्ड: दिव्यांचे थर, बटणांची जागा आणि भिंतीवरचा टॅब

घोडबंदर_टॉवर

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला २ बीएचके, आतून साधारण ३० बाय २२ फूट. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे घर-ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर चालू आहे. ११ दिवे, ४ पंखे, २ स्प्लिट एसी, १ गिझर आणि १ एक्झॉस्ट. दिवे-पंखे बोर्डामागच्या वायफाय रिलेवर (वायफायने चालणारे छोटे स्विच), एसी आयआर ब्लास्टरवर (रिमोटसारखे सिग्नल पाठवणारं उपकरण). हॉलमध्ये दाराजवळ १० इंची अँड्रॉइड टॅब लावायचा आहे. त्यावर घराचा नकाशा दिसावा, दिवा लागला की ती खोली उजळावी आणि बोट लावलं की चालू-बंद व्हावं. घरातल्या ज्येष्ठांना नावांच्या याद्या वाचाव्या लागू नयेत, हा मुख्य हेतू.

होम असिस्टंटच्या पिक्चर एलिमेंट्स कार्डात (चित्रावर बटणं ठेवायची सोय) बिल्डरच्या ब्रोशरमधलं चित्र टाकून सुरुवात केली आहे. अडतंय ते असं: ११ दिव्यांच्या चालू-बंदच्या सगळ्या शक्यतांसाठी चित्रं करायची तर २,०४८ होतात, म्हणजे पद्धत काहीतरी वेगळी असणार. उजेडाचं चित्र वर ठेवलं की खालची बटणं दाबली जात नाहीत. चित्र बदललं तरी टॅबवर जुनंच दिसतं. टॅबवर नीट बसलेली बटणं मोबाइलवर एकमेकांवर चढतात. आणि भिंतीवरच्या स्विचने दिवा बंद केला तर प्लॅनवर तो मिनिटभर लागलेलाच दिसतो, मग 'अनअव्हेलेबल' (संपर्कात नाही) होतो. मुळात हा मार्ग बरोबर आहे की सरळ एसव्हीजीकडे (रेषा-आकारांनी बनलेलं चित्र) वळू?

---

वेक्टर_ठाणे

आधी ब्रोशरचं चित्र बाजूला ठेवा. त्यात सोफा, झाडं, फरशीची नक्षी असते आणि त्या गर्दीत आयकॉन हरवतात. शिवाय मजल्यावरचे समोरासमोरचे फ्लॅट बहुधा एकमेकांचे आरसे असतात आणि ब्रोशरमध्ये त्यातला एकच छापलेला असतो. स्वयंपाकघर डावीकडे की उजवीकडे ते तपासा. प्रकल्प २०१७ नंतर महारेरात नोंदलेला असेल तर तिथे बिल्डरने चढवलेल्या मंजूर नकाशांची पीडीएफ शोधा. नाहीतर टेप घेऊन मोजा, दोन तासांचं काम आहे.

दिव्यांसाठी २,०४८ नाही, १२ चित्रं लागतात. स्वीट होम थ्रीडी या घर-आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घर उभं करा, वरून पाहणारा कॅमेरा ठरवून तो पॉइंट ऑफ व्ह्यू जतन करा. रात्रीची वेळ ठेवून सगळे दिवे बंद असलेलं एक चित्र काढा, ते पार्श्वभूमीचं. मग फक्त एक दिवा चालू ठेवून एक, असं प्रत्येक दिव्याचं. बाराही चित्रांत कॅमेरा, वेळ आणि पिक्सेल तेच हवेत. कॅमेरा केसभर सरकला तरी भिंतींच्या दुहेरी कडा दिसतात आणि सगळी चित्रं पुन्हा काढावी लागतात.

कार्डात ही ११ चित्रं इमेज एलिमेंट म्हणून एकावर एक रचा: टॉप ५०%, लेफ्ट ५०%, विड्थ १००%. एलिमेंटचा मध्यबिंदू त्या जागी बसतो, म्हणून ०% नाही, ५०%. स्टाइलमध्ये मिक्स-ब्लेंड-मोड (थर एकमेकांत कसे मिसळायचे ते) 'लायटन' द्या. दोन थरांतला जो पिक्सेल जास्त उजळ तो दिसतो, त्यामुळे पारदर्शक पीएनजीची गरज उरत नाही. साधं जेपीजी चालतं आणि फाइल बरीच हलकी होते. 'स्क्रीन' मोड टाळा, त्यात उजेडाची बेरीज होऊन हॉल पांढराफटक पडतो. लायटनची मर्यादा अशी की दिवसाच्या उजळ पार्श्वभूमीवर दिवे जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून पार्श्वभूमी कायम रात्रीचीच ठेवा.

ऑन या स्थितीला दिव्याचं चित्र द्या. ऑफ आणि अनअव्हेलेबल या दोन्हींना एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र नेमून द्या. ऑफला काहीच दिलं नाही तर होम असिस्टंट मूळ चित्रच करड्या रंगात दाखवतो आणि प्लॅनवर विचित्र राखाडी डाग येतो.

बटणं दाबली न जाण्याचं कारण हेच थर. यादीत जे नंतर येतं ते वर बसतं. सगळे उजेडाचे थर आधी, सगळी बटणं शेवटी, आणि प्रत्येक थराच्या स्टाइलमध्ये पॉइंटर-इव्हेंट्स 'नन'. टॅप ॲक्शन नन केल्याने भागत नाही. स्पर्श तरीही तो थरच गिळतो.

जुनं चित्र दिसणं हा ब्राउझरच्या कॅशेचा (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा) प्रकार आहे. फाइलच्या पत्त्यामागे प्रश्नचिन्ह टाकून व्ही=२ लिहा, पुढच्या बदलाला व्ही=३. कॉन्फिगमधलं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डर नव्यानेच बनवलं असेल तर होम असिस्टंट एकदा रीस्टार्ट केल्याशिवाय त्यातलं काहीच दिसणार नाही.

---

खारघर_वायरिंग

चित्राचं वर आलंच आहे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे. प्लॅनवर बंद दिवा चालू दिसला की घरातले दोन दिवसांत त्यावर विश्वास ठेवणं सोडतात, मग नकाशा कितीही देखणा असो.

तुमच्या वर्णनावरून रिले भिंतीवरच्या स्विचच्या मागे, सीरिजमध्ये जोडलाय. स्विच बंद केला की रिलेचीच वीज जाते. मेलेला रिले निरोप कसा पाठवणार? सर्व्हर थोडा वेळ वाट बघतो आणि मग त्याला अनअव्हेलेबल म्हणतो. जोडणी अशी हवी: फेज थेट रिलेच्या एलला, न्यूट्रल एनला, आउटपुट दिव्याला, आणि भिंतीवरचा स्विच त्या लाइनमधून काढून रिलेच्या एस (स्विच) टर्मिनलवर. आपल्याकडच्या बोर्डात सहसा ५ पिनचं सॉकेट असतं, त्यामुळे न्यूट्रल तिथेच मिळतो. नुसत्या स्विचच्या छोट्या बोर्डात तो नसेल, तिथे शेजारच्या बोर्डातून ओढावा लागेल. पण त्याच सर्किटचा घ्या, दुसऱ्या एमसीबीवरचा (डीबीतल्या ट्रिप स्विचवरचा) नको. आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) ट्रिप होत राहू शकतो.

एस टर्मिनल काही मॉड्यूलमध्ये २३० व्होल्ट मागतं, काहींत कोरडा संपर्क (बाहेरून वीज न देता नुसत्या दोन तारा जोडणं). लेबल वाचल्याशिवाय जोडू नका, कोरड्यावर फेज गेला की मॉड्यूल जागेवर संपतं. एमसीबी पाडून टेस्टर लावून बघणं हे सांगायला नकोच. हे काम वायरमनकडून करून घेणार असाल तर त्याला जोडणीचं चित्र काढून द्या, नाहीतर सवयीने तो पुन्हा सीरिजमध्ये जोडेल.

घोडबंदरच्या बऱ्याच नव्या टॉवरांत मायवानच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) आरसीसी भिंती असतात. झिरी मारून खोल बॉक्स बसवता येत नाही आणि मूळचा कन्सील्ड बॉक्स उथळ असेल तर मॉड्यूल मागे मावत नाही. पट्टी उघडून खोली मोजा, मगच मॉड्यूल घ्या. अशा भिंतींतून वायफायही कमकुवत होतं. आतल्या बेडरूमचे रिले वारंवार अनअव्हेलेबल होत असतील तर दोष प्लॅनचा नाही, पॅसेजमध्ये दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा.

रिलेत स्विचचा मोड 'एज' ठेवा, म्हणजे प्रत्येक खटक्याला स्थिती उलटते. याची किंमत एवढीच की 'खाली म्हणजे चालू' ही खूण संपते. ज्येष्ठांना हे पहिल्याच दिवशी दाखवून द्या.

एसीचं काय? आयआर ब्लास्टर फक्त बोलतो, ऐकत नाही. रिमोटने एसी बंद केला तर प्लॅनला पत्ताच नसतो. १६ अँपिअरचा वीज मोजणारा प्लग लावा आणि वॅटवरून चालू-बंद ठरवा. आधी तुमच्या एसीचे दोन आकडे लिहून घ्या: पूर्ण बंद असतानाचे वॅट आणि नुसता पंखा चालू असतानाचे. मर्यादा त्या दोन्हींच्या मधे. वर १ मिनिटाचा उशीर द्या, म्हणजे एखाद्या क्षणिक उडीने प्लॅन लुकलुकणार नाही. रिमोटवाल्या बीएलडीसी पंख्यांनाही हीच अडचण आहे. साधे पंखे कपॅसिटरवाल्या रिले मॉड्यूलवर असतील तर वेग खरा कळतो. तो प्लॅनवर १ ते ४ अशा आकड्यात दाखवा; फिरणाऱ्या पात्यांचं ॲनिमेशन स्वस्त टॅबला दिवसभर राबवतं आणि गरम करतं.

---

घोडबंदर_टॉवर

रिले सीरिजमध्येच आहेत, बोर्ड उघडून पाहिलं. सॉकेटमुळे चारही खोल्यांत न्यूट्रल आहे, त्यामुळे बदलता येईल. मोबाइल आणि एसव्हीजीबद्दल कोणी सांगेल का?

---

वेक्टर_ठाणे

मोबाइलचा हिशेब मांडून बघा. १० इंची टॅबवर १ फुटाला ६ मिमी दिले तर तुमचं घर १८० बाय १३२ मिमीत बसतं. ४ बाय ७ फुटांचं बाथरूम २४ बाय ४२ मिमी होतं आणि दिवा, गिझर, एक्झॉस्ट अशी तीन बटणं त्यात सुखाने मावतात. उभ्या धरलेल्या मोबाइलवर रुंदी ६५ मिमी, म्हणजे फुटाला जेमतेम २ मिमी; तेच बाथरूम ९ मिमीपेक्षाही अरुंद. बोटासाठी एका बटणाला साधारण ९ मिमी लागतात. एलिमेंटची जागा टक्क्यांत असते पण आयकॉनचा आकार पिक्सेलमध्ये, त्यामुळे चित्र आकसतं आणि आयकॉन तेवढेच राहतात. मोबाइलसाठी वेगळा व्ह्यू करा: त्यावर खोली हेच एक बटण, आणि टॅप ॲक्शन नेव्हिगेट ठेवून त्या खोलीचं साधं पान उघडू द्या.

टॅबवरही प्रमाणाचा हट्ट धरू नका. बेडरूम थोडी आकसून बाथरूम आणि पॅसेज मोठे काढले तर कोणाचं काही बिघडत नाही. खोल्यांचा क्रम आणि दारं बरोबर असली की माणूस घर ओळखतो. आणि सगळी उपकरणं नकाशावर कोंबू नका. जागेवरून ओळखू येतात तीच ठेवा. इंटरनेटचा वेग, वीजवापर वगैरे कडेच्या पट्टीत.

तुम्हाला अशी जागा बदलायची असेल किंवा दिव्याची तीव्रताही दाखवायची असेल तर एसव्हीजी सरस. एचएसीएसमधून (होम असिस्टंटच्या जास्तीच्या कार्डांचं भांडार) फ्लोअरप्लॅन कार्ड घ्या, इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती काढा, प्रत्येक खोलीवर उजेडाचा एक आकार ठेवा आणि ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये त्याचा आयडी एंटिटीच्या (होम असिस्टंटमधल्या त्या दिव्याच्या) नावाशी जुळवा. आयडी लिहिल्यावर 'सेट' दाबायला विसरू नका, नाहीतर तो बदलतच नाही.

इथे सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट: इंकस्केप रंग थेट आकाराच्या स्टाइलमध्ये लिहितं आणि तो तुमच्या सीएसएस क्लासवर (रंग ठरवणाऱ्या नियमावर) मात करतो. नियम बरोबर, क्लास लागलेला, तरी रंग बदलत नाही. आकाराचा फिल 'अनसेट' करा किंवा सीएसएसमध्ये इम्पॉर्टंट लावा. तापमानासारखा मजकूर टाकताना टेक्स्ट टूलने बॉक्स ओढू नका, एकदा क्लिक करून लिहा. बॉक्समधला मजकूर काही ब्राउझरांत दिसत नाही. त्याचा पाथही (अक्षरांऐवजी नुसता आकार) करू नका, मग तो बदलता येत नाही. शेवटी 'प्लेन एसव्हीजी' म्हणून जतन करा.

खोलीतला उजेड डोळ्यांना खरा वाटावा असं असेल तर थरांची पद्धत, पुढे सतत बदल करायचे असतील तर एसव्हीजी. तुमचा हेतू ज्येष्ठांसाठी आहे, तर मी एसव्हीजी घेईन: जाड भिंती, गडद पार्श्वभूमी, दिवा लागला की पूर्ण खोली पिवळी. चश्म्याशिवायही कळतं.

---

ऐरोली_नेटवर्क

दोन गोष्टी राहिल्या.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरमधल्या फाइलींना लॉगिनचं संरक्षण नसतं. पत्ता माहीत असेल तर पासवर्डशिवाय कोणीही त्या उघडू शकतो. होम असिस्टंट इंटरनेटवर उघडा ठेवला असेल तर तुमच्या घराचा नकाशाही उघडा आहे. फाइलच्या नावात किंवा चित्रात सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर नको, तिजोरी-कॅमेऱ्याच्या जागा नकोत, आणि बाहेरून यायचं तर व्हीपीएनने या.

टॅब कायम चार्जिंगला ठेवला तर बॅटरी फुगू शकते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर. फुली किऑस्क ब्राउझर वापरलात तर बॅटरीची टक्केवारी आणि स्क्रीनचा स्विच होम असिस्टंटमध्ये मिळतो. चार्जर स्मार्ट प्लगवर घ्या, ३०% ला चालू, ७० ला बंद. ऑटोमेशन फक्त ३० ओलांडण्याच्या क्षणावर ठेवू नका. त्या क्षणी होम असिस्टंट बंद असेल तर तो क्षण हुकतो आणि टॅब मरतो. दर १५ मिनिटांनी तपासणी लावा. प्लगची वीज परतल्यानंतरची स्थिती 'चालू' ठेवा. दिव्यांच्या रिलेची मात्र 'बंद' किंवा 'आधीची', नाहीतर पावसाळ्यात पहाटे वीज आली की घरभर दिवे लागतील. राउटर आणि रास्पबेरी पाय छोट्या यूपीएसवर असू द्या; ते उशिरा उठले की प्लॅन तेवढा वेळ रिकामा दिसतो.

टॅबची यूएसबी केबल २३० व्होल्टच्या पाइपातून नेऊ नका, वेगळी केसिंग पट्टी मारा. ३ मीटरची बारीक केबल असेल तर व्होल्टेज पडून चार्जिंग रेंगाळतं.

---

खारघर_वायरिंग

गिझरचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, ३,००० चा १३. बोर्डामागचा १० अँपिअरचा छोटा रिले बंद बॉक्समध्ये त्याच्यासाठी नको, टर्मिनल तापून काळे पडतात. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (जास्त करंट सोसणारा मोठा विद्युत स्विच) कॉइल चालवा आणि गिझर २० किंवा २५ अँपिअरच्या कॉन्टॅक्टरवर घ्या. तो डीबीजवळ (घराच्या मुख्य वीज पेटीजवळ) बसवा, बाथरूममध्ये नाही. प्लॅनवर गिझरला एका टॅपवर चालू होऊ देऊ नका. टॅप ॲक्शनमध्ये कन्फर्मेशन टाका, 'गिझर चालू करायचा?' असा मराठी मजकूर देता येतो. २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याचा टायमर शक्यतो रिलेमध्येच ठेवा, म्हणजे रास्पबेरी पाय अडकला तरी गिझर वेळेवर बंद होईल.