काढणे, हटवणे, पुसणे... फोनमधल्या 'डिलीट'ला तुमच्या घरी काय म्हणतात?

चतुर्थीपासून हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून आज मांडतोच. आमची डिचोलीची मामी, साठीच्या पुढची, पेपर मराठी वाचते म्हणून फोनची भाषाही मराठीच ठेवलीय. जागा संपली जागा संपली असं फोन सारखा सांगत होता तेव्हा तिने फोटोंच्या अॅपमध्ये जाऊन दोन वर्षांचे फोटो निवडले आणि 'हटवा' लिहिलेलं बटण दाबलं. त्यात माटोळीचे फोटो होते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती लाकडी चौकट, तिला आंबाडे, निरफणस, सुपारीचे घोस, रानातली काय काय फळं बांधतात, आणि कुठलं फळ कुठल्या कोपऱ्यात हे मामी दरवर्षी मागच्या वर्षीचा फोटो समोर धरून पोरांना सांगते. ऐन बांधायच्या दिवशी फोटो सापडेना, मला फोन आला, रडकुंडीला आलेली. म्हणाली, "अरे मी नुसते हटवले होते, पुसले नव्हते!"

हे वाक्य मी विसरू शकत नाही कारण मराठी तिचंच बरोबर आहे. रस्त्यावरचे गाडे हटवले म्हणजे गाडे मोडून टाकले असं होत नाही, ते दुसरीकडे कुठेतरी जातात. गर्दी हटवली, पडदा हटवला, एखाद्याला पदावरून हटवलं, सगळीकडे ती वस्तू किंवा तो माणूस शाबूत असतो, फक्त जागा बदलते. मामीने तोच अर्थ घेतला, की फोनातून बाजूला होतील आणि 'वर' राहतील. वर म्हणजे क्लाऊडवर, तिला एवढं माहीत होतं की फोटो वर जातात.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल आणि तुम्ही तिथून फोटो डिलीट केला तर तो फोनातून पण जातो आणि क्लाऊडवरून पण जातो, दोन्हीकडे. फक्त फोनातली जागा हवी असेल तर त्याच अॅपमध्ये फ्री अप स्पेस म्हणून वेगळी सोय आहे, ती बॅकअप झालेलेच फोटो फोनातून काढते आणि वरची प्रत ठेवते. म्हणजे मामीला जे करायचं होतं त्याचं बटण वेगळंच होतं. डिलीट केलेला फोटो लगेच मरत नाही, ट्रॅशमध्ये जातो, बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस. आयफोनवरही रिसेंटली डिलीटेड मध्ये ३० दिवस राहतो. मामीचे पाच आठवडे झालेले म्हणून वाचलो, फोनवरूनच तिला एकेक पायरी सांगून सगळे रिस्टोर करून घेतले, माटोळी दुपारी उशिरा का होईना बांधली. तेव्हा फोटो गेले म्हणून कोणी सांगितलं की आधी ट्रॅश बघा, आणि जागा करायच्या नादात ट्रॅश रिकामा करू नका.

मग मी विचार केला की 'हटवा' नको तर काय? आपण बोलताना बहुतेक 'काढ' म्हणतो, आणि इथे तर अजून गोंधळ. फोटो काढ म्हणजे कॅमेरा उघडून टिप, फोटो काढ म्हणजे फोनातून घालव. खातं काढलं म्हणजे बँकेत नवीन उघडलं, पण फोनमधलं अकाऊंट काढलं म्हणजे घालवलं. प्रिंट काढ, पैसे काढ, कर्ज काढलं, फोन हप्त्यावर काढला, यात सगळीकडे काहीतरी हातात येतं, आणि सिम काढ, अॅप काढ यात जातं. एकाच क्रियापदात येणं पण आणि जाणं पण. 'काढून टाक' म्हटलं की टाक मुळे अर्थ पक्का होतो, कोंकणीत 'काडून उडय' म्हणतात तसंच, पण घाईत टाक गळतोच. म्हापशात बाजारच्या दिवशी दुकानात उभा असताना ऐकलंय, एक गिऱ्हाईक म्हणतं "यातले फोटो काढून द्या", दुकानदाराला नक्की विचारावं लागलं की पेन ड्राईव्हवर घेऊन देऊ की घालवू? बरं झालं विचारलं.

पेन ड्राईव्ह निघालाच तर सांगतो, विंडोजमध्ये कॉम्प्युटरच्या डिस्कवरची फाईल डिलीट केली तर रिसायकल बिनमध्ये जाते, पण पेन ड्राईव्हवरची तशी जात नाही, सरळ जाते. शिफ्ट धरून डिलीट केलं तरी तेच.

'पुसणे' मला सगळ्यात आवडतो, पाटी पुसली म्हणजे विषय संपला. पण गंमत अशी की जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर किंवा मेमरी कार्डवर डिलीट केलं तरी पुसलं काहीच जात नाही. एक-चौदाच्या उताऱ्यातून (आमच्या गोव्यातला सातबाराच म्हणा) नाव कमी केलं म्हणून जमिनीवरचा माड पडतो का? तसंच आहे, फाईलची नोंद जाते, फाईल तिथेच असते, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून कार्डावरचे फोटो चुकून गेले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो टिपू नका, कार्ड बाहेर घ्या आणि रिकव्हरीवाल्याकडे द्या, बऱ्याचदा परत मिळतात. हल्लीच्या फोनच्या आतल्या मेमरीचं तसं नाही, ती एन्क्रिप्टेड असते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, ट्रॅशमधून गेलं की गेलं समजा. आणि उलट बाजूने बघितलं तर फोन विकताना फॅक्टरी रिसेट केला तरी त्यातलं मेमरी कार्ड सहसा तसंच राहतं, ते आधी बाहेर घ्या. रिसेटच्या आधी गूगल अकाऊंटही सेटिंगमध्ये जाऊन रिमूव्ह करा, नाहीतर घेणाऱ्याला तुमचाच पासवर्ड मागत बसेल.

व्हॉट्सअॅपवर डिलीट फॉर एव्हरीवन करतो त्याला तर मी 'खोडणे' म्हणेन. वहीत खोडलं की खाडाखोड दिसते ना, तसं समोरच्याला दिसतंच की इथे काहीतरी होतं. ते पण साधारण दोन दिवसांच्या आतच करता येतं. डिलीट फॉर मी म्हणजे फक्त आपल्या वहीतलं पान फाडलं, दुसऱ्याकडे आहे तसं आहे. आमच्या घरात यावरून एकदा चांगलंच भांडण झालंय म्हणून फरक लक्षात ठेवा.

अॅप काढणं आणि अकाऊंट बंद करणं ही पण दोन कामं आहेत. लोक म्हणतात मी व्हॉट्सअॅप काढलं, पण नुसतं अनइन्स्टॉल केलं तर अकाऊंट चालूच असतं, लोक मेसेज पाठवत राहतात आणि एक टिक बघून रागावतात. पैशांच्या अॅपचं तर जास्त सांभाळा, फोन बदलताना अॅप नुसतं उडवू नका, आत जाऊन बँक खात्याची जोडणी तोडा, मग उडवा.

सरकारी साईटवर 'विलोपित करा' दिसतं, तो शब्द मामीला दाखवला तर ती म्हणाली हे काय लोप पावणार? अर्थ लागला तिला, पण बटण दाबायचा धीर झाला नाही, आणि मला वाटतं डिलीटच्या बटणाला थोडी भीती असणं चांगलंच.

सध्या मामीसाठी मी दोन वाक्यं ठरवून दिलीत. 'फोनातून उतरव' म्हणजे वर राहू दे, इथली जागा कर. 'सगळीकडून पूस' म्हणजे कायमचं. माळ्यावरनं भांडी उतरवतो तसं उतरव तिला पटकन कळलं, परवा स्वतःच विचारत होती की लग्नाचे व्हिडिओ उतरवू का. पण 'डाऊनलोड'ला पण काहीजण 'उतरवून घेणे' म्हणतात, सिनेमा उतरवला असं, तिथे परत काढणेसारखाच घोळ व्हायचा. यापेक्षा बरा शब्द कोणाच्या घरात वापरात असेल तर सांगा, आणि साइन आऊटला तुम्ही काय म्हणता तेही सांगा, कारण मामी त्याला पण 'अकाऊंट काढ' म्हणते आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.